पहिल्या हाकेला

आमच्या आंब्याच्या शेडमध्ये दारासमोरच्या भिंतीवर एक पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. शाळांच्या भिंती रंगवणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडून मी ती लिहून घेतली. वर मथळा, 'कामगारांच्या आजारपणाचे नियम'. खाली पाच नियम होते, आता सहा आहेत. सहावा कसा आला ते सांगायला बसले आहे. मध्येच गप्प झाले तर समजून घ्या, मला हे सोपं जात नाही.

रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उताराला आमची कलमांची बाग आहे. यजमान गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, बाग कराराने देऊन टाका आणि तुम्ही स्वस्थ बसा. मला कोणी स्वस्थ बसा म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेली बारा-तेरा वर्षं बाग मीच बघते. फवारणीपासून पेटी भरेपर्यंत सगळं. तोंडाने मी फटकळ आहे हे पंचक्रोशीला ठाऊक आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही.

नियम केले ते एका वाईट मोसमानंतर. एका गड्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या. त्याने शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, अंगातला ताप तसाच दडपला आणि काम करत राहिला. घरी बसलं तर हजेरी जाणार ना! पंधरा-वीस दिवसांत निम्मी शेड आडवी झाली. झाडावर आंबा तयार आणि उतरवायला माणूस नाही. दिवसभर धपधप आंबे पडायचे आणि मी बघत बसायची. त्या गड्याला मी नाही नाही ते बोलले. मग आठेक दिवसांनी माझं मलाच कळलं की बोलायचं होतं ते मला. हजेरी कापणारी कोण होती? मीच की.

त्यातच आमचा माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, काकी, कामगारांच्या आरोग्याचं लेखी धोरण लागेल, फाइलला लावायचंय. मी म्हटलं, कसलं डोंबलाचं धोरण! पण बसले आणि लिहिलं. आजार लपवायचा नाही, त्याच दिवशी सांगायचा, हजेरी कापली जाणार नाही. डॉक्टर मी आणीन, औषध माझं. लागण होणारा आजार असेल तर माणूस वरच्या मांगरात एकटा राहील, तिकडे कोणी फिरकायचं नाही आणि त्याच्या घरच्या माणसांनी तितके दिवस शेडमध्ये यायचं नाही. डबा दोन वेळ मांगराजवळच्या गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, ठेवला जाईल. आणि पाचवा नियम, 'काही लागल्यास हाक मारावी.' कंपनीच्या माणसाला पाटी फारच आवडली. फोटो काढला. जाता जाता म्हणाला, ते शेडजवळ कोंबडं वगैरे कापता ते बंद करा, तपासणीत बसत नाही. आम्ही मोसमाच्या सुरुवातीला जागेच्या अदृश्य राखणदाराला कोंबडं देतो, त्याबद्दल बोलत होता. मी बरं म्हटलं, आणि त्या वर्षी राखण दिली नाही.

मांगर म्हणजे आमची बागेतली चिऱ्याची खोली. अवजारं, पेंढा, जुन्या पेट्या ठेवायची. शेडपासून चढ चढून दोन गडगे ओलांडले की पऱ्या लागतो, म्हणजे पावसाळी ओढा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. त्या पऱ्याच्या काठाला, खोलगटात मांगर आहे. तिथे फोनला रेंज येत नाही. शेडमधून मांगराचं छप्परसुद्धा दिसत नाही, पण हाक मात्र येते. वाऱ्याची दिशा असली तर तिथे कोणी खाकरलं तरी खाली ऐकू येतं.

आता हाकेबद्दल. आमच्याकडे एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारेल, तिसऱ्यांदा मारेल. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, आणि तुम्ही ओ दिलीत की तुम्हाला घेऊन जातं. तिन्हीसांजेला आणि भर बाराच्या उन्हात हे कडक पाळायचं. हसू नका. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, फवारणीचं प्रमाण कागदावर काढते, आणि तरी हे पाळते. लहानपणी अंगात मुरलेलं असतं, ते पदवीने जात नाही.

त्या वर्षी नेपाळहून एक जोडपं आलं होतं. आमच्या भागात बागांच्या राखणीला, उतरणीला बरेच नेपाळी येतात. हा चाळिशीचा असेल, बारकेला, अतिशय शांत. सगळे त्याला दाजू म्हणायचे, त्यांच्यात थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्याचा हा दुसरा मोसम होता. बायको पहिल्यांदाच आली होती. तिला मराठी नावाला येत नव्हतं, त्याला मोडकंतोडकं यायचं. पण अक्षरं आपलीच ना त्यांची! पाटी लागली त्या दिवशी तो तिच्यासमोर उभा राहिला आणि बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्याने वाचून काढलं. पाचव्याला अडला.

"काकी, हाक माने काय?"

"अरे, हाक. ओरडायचं. बोलवायचं कोणाला तरी."

"कसा?"

मी शेडच्या दारात गेले, तोंडाला हात लावले आणि बागेकडे तोंड करून ओरडून दाखवलं, "काकीऽऽ!" एकदाच. बायका हसायला लागल्या, काकीच काकीला बोलवते म्हणून. तो मान डोलावून म्हणाला, "समजला." झालं. वर झाडावर चार गडी होते, माझी हाक त्यांना नक्की ऐकू गेली असणार. एकानेही ओ दिली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर, अगदी ऐन उतरणीत, तो सकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शर्ट वर केला. पोटावर, छातीवर फोड. "काकी, नियम एक," म्हणाला आणि हसला. सांगू का, मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला! माझी पाटी उपयोगी पडली म्हणून माझाही वाटला. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गाडी पाठवून आणलं. तरुण बाई होत्या, नीट तपासलं, म्हणाल्या, कांजिण्याच. पोरांना होतात तेव्हा सोपं असतं, मोठ्या माणसाला जड जातात. वेगळं ठेवा, भरपूर पाणी द्या, गोळ्या देते. आणि दम लागला, श्वास वर लागला, तर एक तास थांबू नका, तडक रत्नागिरीला न्या. मी त्याला समोर उभा करून बजावलं. दम लागला तर हाक मारायची. समजलं? तो म्हणाला, "दम लागला, हाक. समजला."

तो घोंगडी आणि पाण्याचा कॅन घेऊन वर गेला. बायको दुसऱ्या गडग्यापर्यंत गेली. तिथून पुढे मी तिला जाऊ दिलं नाही. नियम म्हणजे नियम. तिची रवानगी खालच्या काजूच्या बागेत केली, शेडपासून लांब. जाताना तिने चार वेळा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गडग्यापर्यंत गेले. मला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात, मी आतही जाऊ शकले असते. पण मीच केलेला नियम मीच कसा मोडू, हा तोरा. तो मांगराच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडभर फोड, डोळे सुजलेले. "बरं आहे का रे?" तर हात वर केला. मी खाली आले, कारण खाली ट्रक उभा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून शेडच्या सावलीत बसले होते. बारा वाजून गेलेले. त्या वेळी बागेत पानही हलत नाही. कातळ तापून हवा नुसती थरथरत असते आणि पक्षीसुद्धा गप्प असतात. मी पेटीतला पेंढा नीट करत होते.

"काकीऽऽ."

वरून आली. लांब, बारीक. एकदाच.

शेडमधले सगळे हात जिथल्या तिथे थांबले. सोलायला घेतलेली सुपारी एकीच्या हातात तशीच राहिली. माझ्या तोंडात ओ आलेली, अगदी ओठांवर. आमचे मुकादम, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून बागेत असलेले, त्यांनी माझ्याकडे बघून तळहात आडवा केला. "वैनी, नुको. एकच आली. दुसरी येव दे."

आम्ही दुसरीची वाट बघितली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी भिंतीकडे बघत होते, आणि मजा बघा, माझ्या समोर नेमकी तीच पाटी होती. दुसरी हाक आली नाही. मुकादम हळू आवाजात म्हणाले, "राखण दिली नाय यंदा. त्येचाच हाय ह्या." एक बाई उठून पाणी प्यायली, मग सगळेच पाणी प्यायले आणि कामाला लागले.

तुम्ही म्हणाल, वर आजारी माणूस आहे, त्याला हाक मारायला तुम्हीच सांगितलंत, आणि कळलं कसं नाही? मी स्वतःला हेच विचारते. त्यावर माझ्यापाशी एकच उत्तर आहे, ते ऐकायला लाज वाटते. संध्याकाळी मुकादम डबा घेऊन वर गेले, तिन्हीसांज म्हणून मांगराकडे न बघताच सकाळचा परत आणला. मी झाकण उघडून बघितलं. रिकामा. स्वच्छ, चाटूनपुसून. मी सुटले. म्हटलं, जेवतोय माणूस, ठीक आहे, मग हाक त्याची नव्हती. आणि त्याची नव्हती तर कोणाची, हा विचार मी पुढे केला नाही.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम घड्याळाकडे बघत नव्हते. तरी कळतंच. शेडमधली बोलणी आपोआप कमी होत गेली. सगळ्या बायका पाठ आत करून बसल्या, बागेकडे कोणी तोंड करेना. मला राग आला. म्हटलं, काय बावळटपणा लावलाय, भुतं काय आंबे मोजायला येतात? माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"काकीऽ."

आदल्या दिवसापेक्षा आखूड. शेवट जरा तुटल्यासारखा, कोणी मागून तोंड दाबावं तसा. आणि ते मला बोलवत होतं, हे विसरू नका. मुकादमाला नाही, बायकांना नाही. मला. सगळे माझ्याकडे बघत होते. बघताना थोडे मागे सरकले होते, तेही मला दिसलं. मी ओ द्यायची आणि मी जायची, त्यांचं काय! मी तोंड घट्ट मिटलं. खरंच सांगते, हाताने दाबून धरलं.

संध्याकाळचा डबा पुन्हा रिकामा आला. या वेळी झाकणाची कड जराशी वाकली होती. मी ती सरळ केली आणि डबा घासायला टाकला.

पाचव्या दिवशी दोन ट्रक एकदम आले. हात कमी पडायला लागले. मी मुकादमांना म्हटलं, दाजूच्या बायकोला बोलवा वर. ते म्हणाले, पाटीवर लिवलाय ना, घरच्यानी यायचा नाय? मी म्हटलं, पाटी माझी आहे, मला शिकवू नका. म्हणजे माणसाकडे जायला नियम आड आला आणि मालासाठी नियम मोडता आला. ती आली. चेहऱ्याला ओढणी बांधून, एका कोपऱ्यात क्रेट उचलायला लागली. मला खुणेने विचारलं, वर कसं आहे? मी रिकाम्या डब्याची खूण केली, सगळं खातोय. ती हसली.

बारा वाजले, वाजून गेले. आम्ही काम थांबवलं नव्हतं, पण आवाज सगळे बंद झाले होते. तिला काही माहीत नव्हतं. ती बिचारी गुणगुणत होती.

हाक आली. या वेळी तिला हाक म्हणायचं की नाही ते मला कळत नाही. "का" एवढंच, आणि मग नुसता वारा. घशातून निघून तिथेच संपलेलं.

आम्ही सगळे पुतळे झालो आणि तिने हातातला क्रेट टाकून दिला. आंबे घरंगळत गेले. "आएँऽऽ!" केवढ्याने ओरडली ती! म्हणजे आले. एका हाकेला, पहिल्या हाकेला, विचार न करता. ती दारातून पळत सुटली. "अगो, थांब! नुको जाव!" मुकादम उठले, दोन बायकांनी तिची ओढणी धरली, ती ओढणी त्यांच्या हातात राहिली. कोणी मागे गेलं नाही. आम्ही शेडच्या सावलीच्या कडेला उभे राहिलो, सावलीबाहेर पाऊल न टाकता. ती पहिला गडगा चढली, दुसरा चढली आणि पऱ्याकडे उतरताना दिसेनाशी झाली.

मग काहीच नाही. ऊन तेवढं.

आणि वरून तिचा आवाज आला. "काकीऽऽऽ!" एकदाच.

मुकादमांनी पुन्हा हात आडवा केला. देवाशपथ सांगते, त्या हाताकडे बघितलं आणि मला समजलं. ती आत्ता इथून गेलेली बाई. तिचा आवाज मला ठाऊक होता. तीसुद्धा एकदाच हाक मारत होती, कारण त्यांच्यात हाक मारली की माणूस येतो, दुसऱ्यांदा मारावीच लागत नाही. मी त्यांचा हात झटकला, "ओऽऽ!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की घसा फुटला, आणि धावले. साठीची बाई चढावर किती धावणार? पण धावले.

तो मांगराच्या दाराशी भिंतीला टेकून बसला होता. बसला होता म्हणजे, आडवं पडलं तर श्वास येत नव्हता म्हणून. ओठ जांभळे, नखं जांभळी. छाती भात्यासारखी चाललेली. कॅनमध्ये पाण्याचा टिपूस नव्हता. तिने त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. गडग्यावर सकाळचा डबा उघडा पडला होता आणि दोन वानरं त्याच्यापाशी बसून शेवटची शितं वेचत होती. मला बघून ती हललीसुद्धा नाहीत. रोजचीच होती ना त्यांची ती जागा.

मालाची पिकअप रिकामी करून आम्ही त्याला त्यात घातलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे ती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. रत्नागिरी येईपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. त्याचे ओठ हलत होते. एक शब्द, मग तीन श्वास, मग दुसरा शब्द. ती वाकून ऐकत होती. एकदा तिने मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून? मी म्हटलं, आजच लक्षात आलं. ते वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी खोटंच होतं. कांजिण्या फुप्फुसात उतरल्या होत्या. यंत्र लावलं. चार दिवस मी आणि ती बाहेरच्या बाकावर बसून काढले. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं. शब्द जुळवून, हळूहळू, रस्ता ओलांडताना बघावं तसं एकेका शब्दाकडे बघत.

"काकी. पहिले... पण हाक आला होता?"

मी म्हटलं, "नाही गं. काही ऐकू नाही आलं."

ती म्हणाली, "बरं."

चौथ्या दिवशी तो गेला. सगळे सोपस्कार मी केले, तिला माणसं सोबत देऊन गावी पोचवलं, जे करायचं ते सगळं केलं. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, धोरणाचं पालन झालं होतं ना? मी म्हटलं, हो, अक्षरशः. आणि फोन ठेवून मोठ्याने रडले. मुकादम बाहेर बसले होते, त्यांनी ऐकलं. आत आले आणि म्हणाले, "वैनी, माजा हात हुता तो." मी म्हटलं, तोंड माझं होतं.

पाऊस सरल्यावर मी पेंटरला बोलावलं आणि सहावा नियम लिहायला सांगितला. 'पहिल्या हाकेला ओ द्यावी.' तो ब्रश हातात घेऊन थांबला. म्हणाला, काकी, असं नका लिहू, लोक कामाला यायचे नाहीत. मी म्हटलं, तुला लिहायचे पैसे देते की सल्ल्याचे? लिहिलं त्याने, पण बाकीच्या अक्षरांपेक्षा हे जरा वाकडंच आलं आहे. पाचवाही बदलला. आता सकाळ-संध्याकाळ कोणीतरी आत जाऊन माणूस डोळ्यांनी बघून येतो, आणि कोणी नसलं तर मी जाते.

पुढच्या मोसमात ती परत आली. गावच्या लोकांबरोबर, पण एकटीच. मला वाटलं नव्हतं येईल. शेडमध्ये आली, पाटीसमोर उभी राहिली आणि बोट फिरवत वाचायला लागली, अगदी त्याच्यासारखी. सहाव्या नियमावर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग वळली आणि म्हणाली, "मी मांगरात राहते." सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, अगं, खाली खोली आहे, पंखा आहे. ती म्हणाली, "नाही. वर."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाराचा सुमार टळल्यावर, वरून हाक आली. "काकीऽऽ." एकदाच. तिचा आवाज. मी दारात गेले आणि ओ दिली. त्यावर पुढे काही नाही. मी चढून वर गेले तर ती मांगराच्या दाराशी बसून भाजी निवडत होती. काय पाहिजे गं? "काही नाही, काकी." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मोसमभर, जेवणाच्या सुट्टीत ती वर जायची आणि एकदा हाक मारायची. मी ओ द्यायची. कधी वर जायची, कधी नुसती ओ द्यायची. ती कधी रागावली नाही, कधी काही बोलून दाखवलं नाही. मला तिचं ओरडून बोलणं परवडलं असतं.

यंदाही आली. ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. ट्रक आला होता म्हणून ती दुपारी वर गेली नव्हती. माझ्या शेजारी बसून प्रतवारी करत होती, लहान एकीकडे, मोठा एकीकडे. सगळी माणसं शेडमध्ये होती, मुकादम धरून. मी सहज डोकी मोजली होती, कोणी कमी नव्हतं. मांगराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला.

"काकीऽ."

वरून. पुरुषाचा आवाज. आखूड, धाप लागलेला.

सगळे हात थांबले. मुकादमांनी या वेळी हात आडवा केला नाही, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तिच्याकडे बघितलं. ती वर बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, हातातला आंबा तसाच धरून. ती किती वेळ हेच बघायला थांबली होती ते मला तेव्हा कळलं. मला भीती वाटत होती. भयंकर वाटत होती. तरी मी उठले, दारात गेले आणि ओ दिली.

"ओऽऽ! आले रे, आलेऽऽ!"

कोपऱ्यातला पाण्याचा कॅन उचलला आणि सावलीबाहेर पाऊल टाकलं. ती मागून आली आणि तिने कॅनची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघी चढायला लागलो. पहिल्या गडग्यापाशी मी थांबले. दम लागला होता, पण थांबले ते त्यासाठी नाही.

"मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "तिन्ही दिवस. ऐकून गप्प बसले."

"माहीत आहे, काकी," ती म्हणाली. "त्याने सांगितला होता. चला, तो वाट बघतो."